आखूड चड्डीची लांब कहाणी

मार्च उलटला की नागपूरचा सूर्य आपले खरे रूप दाखवू लागतो आणि शहरातील तरणतलावांवर पहाटेपासून गर्दी होऊ लागते. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदविणाऱ्या या शहरात पाण्यात उतरणे ही चैन नसून गरज आहे, असे म्हटले तरी वावगे ठरू नये. परंतु तलावांच्या काठावर दर उन्हाळ्यात एक लहानसा वाद हमखास रंगतो. नव्याने दाखल झालेला एखादा गृहस्थ गुडघ्याखाली लोंबणारी, दोन्ही बाजूंना खिसे असलेली सैल बर्म्युडा घालून येतो. प्रशिक्षक फलकाकडे बोट दाखवितो. पोहण्याचा पोशाख सक्तीचा असल्याचे त्यावर लिहिलेले असते. 'एवढ्या तोकड्या चड्डीत चारचौघांसमोर कसे यायचे?' असा प्रश्न त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. काही जण कुरकुरत पोशाख बदलतात, तर काही जण पोहणे शिकण्याचा बेतच सोडून देतात. हे दुसरे नुकसान मोठे आहे. पोहता न आल्याची किंमत विदर्भातील तलाव, नद्या, विहिरी आणि दगडखाणींचे डोह दरवर्षी कुणाकडून तरी वसूल करीत असतात.

वाद वरवर शुल्लक असला तरी त्याच्या मुळाशी एक घोटाळा आहे. 'तोकडे' आणि 'सैल' हे शब्द एकमेकांविरुद्ध वापरले जातात. वास्तविक कपड्याची लांबी हा एक प्रश्न आहे आणि त्याचा सैलपणा हा दुसरा. लांबीचा संबंध मनाशी आहे, सैलपणाचा पाण्याशी. हे दोन प्रश्न वेगळे केले, तर पोहण्यासाठी व व्यायामासाठी अनेक पुरुष तंग, आटोपशीर वस्त्र का पसंत करतात, याचा उलगडा सहज होतो.

आजोबांचा लंगोट

दोन पिढ्या मागे गेले, तर हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. गावच्या विहिरीत पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकणारी मुले लंगोटीवरच पाण्यात उडी घेत. बालपणापासूनच्या मित्राला 'लंगोटीयार' म्हणण्याची पद्धत त्याच काळाची आठवण जपून आहे. कमरेच्या करगोट्यात अडकविलेली कापडाची पट्टी म्हणजे लंगोटी. पहिलवानाचा लंगोट त्याहून भक्कम असतो. नाड्या असलेले त्रिकोणी जाड कापड कमरेला बांधून, पायांमधून मागे घेऊन तो असा कसतात की, शरीराचा नाजूक भाग घट्ट आधारात राहावा आणि मांड्या पूर्ण मोकळ्या असाव्यात.

या रचनेत उघडेपणाचा हव्यास मुळीच नव्हता. आखाड्यात लंगोट हे उलट संयमाचे चिन्ह मानले गेले. 'लंगोट सांभाळणे' या शब्दांना ब्रह्मचर्याचा अर्थ आला तो त्यामुळेच. लाल मातीत लंगोट लावून उतरलेल्या मल्लाकडे पाहून आया-बहिणी लाजल्या, असे कुणी लिहून ठेवलेले नाही. ते कामाचे वस्त्र होते आणि समाज त्याकडे त्याच नजरेने पाहत होता.

मल्लखांबाचे उदाहरण याहून बोलके आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी या प्रकाराला नवे रूप दिले, असे मानले जाते. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल चोळतात आणि खेळाडू मांड्यांच्या, पोटऱ्यांच्या व काखेच्या पकडीवर त्याला बिलगून राहतो. कातडी आणि लाकूड यांच्यामध्ये कापडाची घडी आली, तर पकड सुटते आणि माणूस डोक्यावर आपटतो. येथे तोकडा, अंगाला चिकटलेला जांघ्या हीच सुरक्षितता असते. नागपूरपासून दीडशे किलोमीटरवर असलेल्या अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने अशा देशी व्यायामप्रकारांची परंपरा जोपासली. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांची प्रात्यक्षिके थेट जर्मनीत सादर केली. विदर्भाला तंग वस्त्र परके नव्हते, हे ध्यानात यावे.

लाज आली कोठून?

मग ज्या समाजात लंगोट सहज वावरत होता, तेथे पोहण्याच्या चड्डीचा संकोच कसा शिरला? त्याचे एक कारण इंग्रजी अमदानीत आलेल्या सभ्यतेच्या कल्पनांत सापडते. एकोणिसाव्या शतकातील युरोपात पुरुषदेखील गळ्यापासून मांडीपर्यंत झाकणारा पोशाख घालून समुद्रात उतरत. विसाव्या शतकाच्या आरंभी हे पोशाख बहुधा लोकरीचे असत. ओले झाले की ते जड होऊन लोंबत. अमेरिकेतील अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर तर १९३० च्या दशकातही उघड्या छातीने फिरणाऱ्या पुरुषांना पकडून दंड ठोठावला जात असे. ज्या काळात नागपूरकर मुले लंगोटीवर तळ्यात सूर मारीत होती, त्या काळात पाश्चात्त्य पुरुषाला छाती उघडी टाकण्याची मुभा नव्हती, हा विरोधाभास मनोरंजक आहे.

शिक्षित वर्गाने विजार, कोट आणि बूट स्वीकारले, तसे लंगोटी हे दारिद्र्याचे आणि अडाणीपणाचे लक्षण ठरू लागले. महात्मा गांधींनी नेमके हेच समीकरण उलटे केले. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराई येथे त्यांनी अंगभर वस्त्रांचा त्याग करून गुडघ्यापर्यंतचा पंचा स्वीकारला. पुरेशी खादी विकत घेण्याची ऐपत नसलेल्या देशबांधवांशी एकरूप होणे, हा त्यामागचा हेतू होता. पुढे १९३१ मध्ये याच वेशात ते बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्ज यांना भेटले आणि १९३६ पासून वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये याच वेशात वावरले. आखूड वस्त्राची प्रतिष्ठा त्याच्या लांबीवर अवलंबून नसते, ते कशासाठी नेसले आहे यावर असते, हा धडा विदर्भाने जवळून पाहिला आहे.

सैल चड्डीचाही एक इतिहास आहे. बर्म्युडा हे नाव अटलांटिक महासागरातील ब्रिटिश बेटांवरून आले. उष्ण प्रदेशांतील ब्रिटिश सैनिक व अधिकाऱ्यांनी सोयीसाठी विजारीचे पाय गुडघ्याशी आखूड केले आणि ही अर्धी चड्डी रूढ झाली. लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या हवाई आणि कॅलिफोर्नियातील तरुणांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत लांब, टिकाऊ चड्ड्या पसंत केल्या. फळीवर चोळलेले मेण आणि वाळू यांनी मांड्या सोलवटू नयेत, हे त्याचे कारण होते. म्हणजे सैल, लांब चड्डीलाही तिच्या जागी काम होते. पुढे १९९० च्या दशकात बास्केटबॉल व फुटबॉलपटूंच्या चड्ड्या लांब व ढगळ झाल्या. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून ती शैली जगभर पसरली आणि भारतातल्या बाजारपेठेतही पोहोचली. लाटांवरच्या फळीसाठी घडलेले वस्त्र अशा रीतीने नागपूरच्या तरणतलावात उतरले आणि तेथे अडचणीचे ठरले.

पाण्याचे गणित

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे. हवेत फडफडणारे कापड चालणाऱ्याला जाणवत नाही. तेच कापड पाण्यात पसरले की लहानशा छत्रीसारखे काम करते. पोहणाऱ्याला होणारा पाण्याचा रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करायचा, तर रोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती आठपट. सैल चड्डीचे पाय, खिसे आणि घड्या यांत पाणी शिरते, भोवरे निर्माण होतात आणि प्रत्येक हातासरशी ते सारे पाणी ओढत न्यावे लागते.

याचा पुरावा खुद्द जलतरणपटूच देतात. सरावाच्या वेळी अनेक जण मुद्दाम जाळीची, ढगळ चड्डी नेहमीच्या पोशाखावर चढवितात. अधिक रोधाविरुद्ध पोहून स्नायू बळकट व्हावेत, हा त्यामागचा उद्देश असतो. पट्टीचे पोहणारे ज्या ओझ्याचा उपयोग कठोर व्यायाम म्हणून करतात, तेच ओझे नवशिका पहिल्या दिवशी अजाणता कमरेला बांधून घेतो आणि आपल्याला पोहणे जमत नाही, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

ओल्या कपड्यांच्या वजनाने माणूस बुडतो, हा समज मात्र अर्धवट खरा आहे. कापडात भरलेले पाणी आजूबाजूच्या पाण्यात तरंगतेच, त्याचे वेगळे वजन तेथे जाणवत नाही. धोका असतो तो हालचाल जखडण्याचा, लवकर थकण्याचा आणि काठावर चढताना एकाएकी जाणवणाऱ्या भाराचा. उडी मारताना सैल चड्डीत हवा भरून ती फुगते, सूर मारताना ती कमरेखाली सरकते. एका हाताने चड्डी सांभाळणाऱ्याला पोहण्यासाठी एकच हात उरतो.

कापसाच्या शहरात कापसाला मज्जाव

नागपूरची ओळख जशी संत्र्यांची, तशी कापसाचीही आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था याच शहरात आहे. अशा शहरात तरणतलावावर सुती कपड्यांना बंदी असावी, याचे कुणाला नवल वाटेल. पण कापसाचा जो गुण उन्हात उपकारक, तोच पाण्यात अपकारक ठरतो. कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. म्हणून सुती सदरा घाम टिपतो आणि म्हणूनच सुती चड्डी पाणी धरून बसते. तिचे सुटे तंतू तलावाच्या गाळणयंत्रात अडकतात आणि कच्चा रंग पाण्यात उतरतो. नायलॉन व पॉलिस्टर पाणी फारसे शोषून घेत नाहीत. त्यांच्या जोडीला १९५८ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत विकसित झालेला, लायक्रा या नावाने ओळखला जाणारा ताणला जाणारा धागा आला आणि अंगाबरोबर हलणारे, तरीही न लोंबणारे वस्त्र शक्य झाले. पूर्वी नाड्या कसून लंगोट जे साधत होता, ते आता धाग्याच्या ताणाने साधले.

स्वच्छतेचा मुद्दाही येथेच येतो. खिशांची चड्डी माणूस बाजारात, दुचाकीवर, चहाच्या टपरीवर घालून बसतो आणि तीच घेऊन तलावात उतरतो. तिच्यावरची धूळ आणि घाम पाण्यातील क्लोरीन खर्ची घालतात. घाम, मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. तलावाजवळ येणारा उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर बहुतांशी त्यांचीच असते. फ्रान्समधील सार्वजनिक तलावांत सैल चड्डीला प्रवेश नाकारला जातो, तो याच कारणास्तव. जी चड्डी रस्त्यावर घालता येणार नाही, ती केवळ पोहण्यासाठीच वापरली जाईल, असा त्यामागचा साधा हिशेब आहे.

खेळाडू काय घालतात?

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९१४ मध्ये सुरू झालेल्या एका विणकाम कारखान्याने १९२८ मध्ये 'स्पीडो' हे नाव घेतलेले पोहण्याचे कपडे बाजारात आणले. याच कंपनीसाठी पीटर ट्रॅव्हिस या रचनाकाराने १९६० च्या सुमारास कमरेऐवजी नितंबांवर बसणारी छोटी चड्डी तयार केली. मांडी मोकळी राहावी आणि पाय पूर्ण मारता यावेत, अशी तिची रचना होती. बाँडायच्या किनाऱ्यावर ती घालणाऱ्या पुरुषांना आरंभी पोलिसी कारवाईलाही तोंड द्यावे लागले. पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये मार्क स्पिट्झने अशाच छोट्या चड्डीत सात सुवर्णपदके पटकावली आणि वाद मागे पडला.

तथापि वेगासाठी सर्वांत तोकडा पोशाखच सर्वोत्तम असतो, असे नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अंगभर घट्ट बसणाऱ्या पोशाखांनी विक्रमांची रांग लावली. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत तर ४३ विश्वविक्रम नोंदले गेले. पोहणारा जिंकतो की पोशाख, असा प्रश्न उभा राहिला. अखेर १ जानेवारी २०१० पासून आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाता कामा नये आणि तो कापडाचाच असावा, असा नियम केला. त्यामुळे आजचे बहुतेक स्पर्धक गुडघ्यापर्यंतची घट्ट 'जॅमर' घालतात. उंचावरून सूर मारणारे आणि वॉटरपोलो खेळणारे मात्र अद्याप छोट्या चड्डीलाच चिकटून आहेत. पहिल्यांना अंगाची घडी करायची असते, तर दुसऱ्यांना प्रतिस्पर्ध्याच्या मुठीत कापड सापडू द्यायचे नसते. या सर्वांत समान गोष्ट एकच. लांबी कमी-जास्त असेल, सैलपणा मात्र कुणालाही परवडत नाही.

जमिनीवरचा न्याय निराळा

पाण्याबाहेर आले की हिशेब बदलतो. नागपूरचा एप्रिल-मेमधील उन्हाळा कोरडा असतो आणि घामाचे बाष्पीभवन हाच शरीराचा मुख्य शीतक असतो. कपडा आणि कातडी यांमध्ये हवा खेळती राहिली, तर हे काम सुकर होते. म्हणूनच पहाटे फुटाळा किंवा अंबाझरीच्या बाजूला धावणारे अनुभवी धावपटू सैल, पण आखूड आणि बाजूला चिरा असलेली हलकी चड्डी निवडतात. लांब ढगळ चड्डी घामाने भिजली की गुडघ्याला चिकटते आणि मांड्या घासून सोलवटतात. सायकलस्वार याच्या उलट तंग आणि मांडीभर लांब चड्डी घालतो, कारण त्याची मांडी खोगिरावर तासन् तास घासत असते. प्रत्येक कामाला त्याचे वस्त्र, हेच सूत्र येथेही दिसते.

अर्ध्या चड्डीची चर्चा नागपुरात निघाली आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गणवेशाचा उल्लेख झाला नाही, असे होणे कठीण. १९२५ मध्ये येथेच स्थापन झालेल्या संघाच्या स्वयंसेवकांची खाकी अर्धी चड्डी सुमारे नऊ दशके त्यांची ओळख होती. मार्च २०१६ मध्ये ती बदलण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षीच्या विजयादशमीपासून तपकिरी पूर्ण विजार आली. त्या निमित्ताने देशभर झालेली चर्चा एवढेच सांगून गेली की, चड्डीची लांबी ही केवळ शिंप्याच्या फितीची बाब नसते. काळ, पिढी आणि समाजाची नजर यांनुसार तिचा अर्थ बदलत राहतो.

त्वचेचे म्हणणे

तंग पोशाखाची तरफदारी करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ओला, घट्ट कपडा तासभर अंगावर राहिला की जांघेत गजकर्णाची बुरशी फोफावते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांना गेल्या काही वर्षांत या विकाराने हैराण केले आहे. दुकानातून परस्पर घेतलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांमुळे तो आणखी चिवट होतो. म्हणून पोहून झाल्यावर अंघोळ करून, जांघा कोरड्या पुसून, सैल सुती कपडे घालणे हा नियम पाळलाच पाहिजे. ओल्या चड्डीवर विजार चढवून दुचाकीने घरी जाणे, ही सवय सर्वांत वाईट.

दुसरा मुद्दा प्रजननक्षमतेचा. शुक्रजंतूंच्या निर्मितीसाठी वृषणांचे तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी असावे लागते. ६५६ पुरुषांच्या पाहणीवर आधारलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सैल अंतर्वस्त्रे वापरणाऱ्यांच्या शुक्रजंतूंची घनता २५ टक्क्यांनी अधिक आढळली. परंतु हा प्रश्न दिवसभर घातल्या जाणाऱ्या तंग कपड्यांचा आहे. थंड पाण्यातील तासाभराच्या चड्डीला त्याचा दोष देता येणार नाही.

लांबी मनाची, घट्टपणा पाण्याचा

या सगळ्याचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. ज्याला संकोच वाटत नाही, त्याने छोटी चड्डी घालावी. ती स्वस्त पडते, चटकन वाळते आणि पायांना पूर्ण मोकळीक देते. ज्याला मांड्या झाकलेल्या हव्यात, त्याने गुडघ्यापर्यंतची जॅमर किंवा अर्ध्या मांडीची तंग चड्डी घ्यावी. अंग झाकण्याची इच्छा लाजिरवाणी नाही आणि ती पूर्ण करण्यासाठी ढगळ कपड्याची गरजही नाही. खरेदी करताना खिसे, झिप आणि जाड शिवणी टाळाव्यात, आतील नाडी पक्की आहे ना, ते पाहावे. चड्डी कोरडी असताना किंचित घट्ट वाटावी, कारण ओली झाल्यावर ती थोडी सैलावते. वापरानंतर ती साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावी. क्लोरीन आणि ऊन हे दोन्ही लवचीक धाग्याचे शत्रू आहेत.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत पालकांनी आणि प्रशिक्षकांनी अधिक जपायला हवे. अंगात बदल होऊ लागलेल्या, स्थूल किंवा फार कृश मुलाला काठावरची एखादी टवाळीही वर्षभरासाठी तलावापासून दूर ठेवू शकते. त्याच्यापुढे दोन-तीन प्रकारच्या लांबीचे पर्याय ठेवले आणि निवड त्याच्यावर सोपविली, तर अर्धा प्रश्न तेथेच सुटतो. उरलेला अर्धा पाणीच सोडविते. गळाभर पाण्यात उतरल्यावर कुणाची चड्डी केवढी आहे, हे कुणालाच दिसत नाही.

ज्या लंगोटीवर मागच्या पिढ्यांनी विहिरी गाजविल्या, तिची आठवण केवळ गंमत म्हणून काढण्यात अर्थ नाही. कामाच्या वस्त्राकडे कामाच्या नजरेने पाहण्याची तिची शिकवण मात्र उपयोगाची आहे. कपड्याच्या लांबीबाबत ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे. घट्टपणाबाबत मात्र ऐकावे ते पाण्याचेच.